कलेचे खाते, कलावंताचे खाते

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. कलावंतांच्या बाबतीत ही म्हण फार सोयीने वापरली जाते. आवडता कलावंत अडचणीत आला की चाहते ती पुढे करतात. नावडता अडचणीत आला की तेच चाहते कूळ आणि मूळ दोन्ही शोधायला निघतात. कला आणि कलावंत वेगळे मानावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर माणूस पाहून बदलत असेल तर त्याला उत्तर म्हणता येणार नाही. या प्रश्नाचा थोडा शिस्तीने विचार करायला हवा.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पुस्तपालनाच्या सुरुवातीच्या धड्यातच आम्हांला शिकवतात की मालक वेगळा आणि त्याचा धंदा वेगळा. दुकानदाराने गल्ल्यातून घरच्या किराण्यासाठी पाचशे रुपये काढले, तर तो दुकानाचा खर्च होत नाही. ती मालकाची उचल. ती उचल खात्यात नावे पडते. या नियमाला दोन बाजू आहेत. घरखर्च दाखवून दुकानाचा नफा कमी करायचा नाही, ही एक. आणि दुकान नफ्यात आहे म्हणून मालकाची उचल लपवायची नाही, ही दुसरी. कलेविषयी बोलताना आपण यातली एकच बाजू लक्षात ठेवतो. कलावंत वाईट निघाला म्हणून कोणी त्याचे गाणेच बेसूर ठरवतो. गाणे सुंदर म्हणून कोणी त्याची वागणूक माफ करून टाकतो. माझ्या मते दोघेही एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवतात.

या प्रश्नावरच एक मोठी कादंबरी लिहिली गेली आहे आणि ती आपल्याच राज्यातली आहे. एस. एल. भैरप्पा यांची ‘मंद्र’. मूळ कन्नड, मराठीत ती मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी आणली. २०१० सालचा सरस्वती सन्मान भैरप्पांना याच कादंबरीसाठी मिळाला. तिचा नायक मोहनलाल हा थोर गवई आहे. पण माणूस म्हणून तो स्वार्थी आहे, आणि गाणे शिकायला येणाऱ्या स्त्रीलाही तो सोडत नाही. वाचताना आपल्याला त्याचा राग येतो, आणि त्याच्या गाण्याचे वर्णन आले की त्याच पानावर आपण खिळून राहतो.

माझ्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली. सभागृहात दहाव्या रांगेत बसलेल्या श्रोत्याला दोन खाती वेगळी ठेवणे सोपे आहे. त्याने फक्त तिकिटाचे पैसे दिलेले असतात. त्या गाण्याची खरी किंमत ज्या शिष्येने मोजली, तिला ‘कला वेगळी, कलावंत वेगळा’ असे सांगण्याचा अधिकार त्या श्रोत्याला नाही. तिने ते गाणे पुन्हा कधीच ऐकले नाही, तरी तिला अरसिक म्हणू नये. आनंद घेणे हा आपला हक्क असेल, पण दुसऱ्याने तो घेतलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. गाणे ऐकणे, पुस्तक वाचणे हा व्यवहार कृतीशी होतो. पण सत्कार, पुरस्कार, शाल-श्रीफळ, एखाद्या संस्थेतले गुरुपद हे सारे कृतीला नव्हे, माणसाला मिळते. तेथे माणसाचे खाते उघडून पाहिलेच पाहिजे. मोहनलालची ध्वनिमुद्रिका आपल्या ग्रंथालयात असायला माझी हरकत नाही. त्याच्या हाती मुलींचा गायनवर्ग सोपवायला मात्र जरूर आहे.

आता दुराचार आणि मतभेद यांची गल्लत करू नये. आपल्या भागात कलावंताविषयी राग येतो तो बहुधा त्याच्या चारित्र्यामुळे नव्हे, तर त्याने कोणती बाजू घेतली यामुळे. भैरप्पा आणि गिरीश कर्नाड यांचेच पाहा. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’वर कर्नाड आणि ब. व. कारंत यांनी १९७१ साली चित्रपट केला आणि त्यासाठी दोघांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९७७ साली या जोडीने भैरप्पांच्याच ‘तब्बलियु नीनादे मगने’वर चित्रपट केला. आणि २००६ साली टिपू सुलतानच्या मूल्यमापनावरून कर्नाड व भैरप्पा यांचा वृत्तपत्रातून कडाक्याचा वाद झाला. आज दोघेही हयात नाहीत. कर्नाड २०१९ साली गेले, भैरप्पा २०२५ साली. त्यांच्या चाहत्यांत मात्र अजून दोन तट आहेत. एका तटातले ‘तुघलक’ वाचत नाहीत, दुसऱ्यातले ‘पर्व’. यात कर्नाडांचे नुकसान नाही आणि भैरप्पांचेही नाही. ‘आवरण’मधली इतिहासाची मांडणी ज्यांना पटली नाही त्यांनी त्या कादंबरीवर जरूर टीका करावी, कारण तो मुद्दा कृतीच्याच खात्यातला आहे. पण ‘आवरण’चा राग ‘पर्व’वर काढणे, तेही ते न वाचता, याला काय म्हणावे?

दुसऱ्यांच्या भांडणात असा शहाणपणा सांगणे सोपे असते, म्हणून माझ्या स्वतःच्या अडचणीचे उदाहरण घेतो. माझे शिक्षण मराठी माध्यमाच्या शाळेत झाले. १९८१ साली गोकाक समितीने माध्यमिक शाळांत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली आणि १९८२ साली तिच्यासाठी झालेल्या चळवळीचे नेतृत्व डॉ. राजकुमार यांनी केले. ती मागणी माझ्यासारख्यांच्या शाळांच्या मुळाशी जाणारी होती. ती मला मान्य नाही. हे मी कन्नड मित्रांसमोरही सांगतो. पण ‘जीवन चैत्र’मधल्या ज्या गाण्यासाठी राजकुमारांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते लागले की मी हातातले काम बाजूला ठेवतो. ते गाणे ऐकून माझा विरोध कमी होत नाही आणि विरोध आहे म्हणून गाण्यातला एक स्वरही उणा होत नाही.

हाच न्याय उलट बाजूनेही लागू आहे. आचार्य अत्रे हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे अग्रणी. सीमाभागातल्या कन्नड माणसाला त्यांची लेखणी बोचली असेल, तर त्यात नवल नाही. पण ‘श्यामची आई’ हा त्यांचा चित्रपट, १९५३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा, पाहताना डोळे पुसणाऱ्याने बेळगाववरचा आपला हक्क सोडला असे कोणी समजू नये.

यावर कोणी म्हणेल, ‘ही तर दुटप्पी वागणूक झाली.’ आमच्या शास्त्रात दुनोंदी पद्धतीला दोष मानत नाहीत. खरा हिशेब तिच्यातूनच कळतो. एकाच खात्यात सगळे कोंबणाऱ्याला शेवटी नफा कळत नाही आणि तोटाही कळत नाही.

मित्रहो, आपल्या या अंकाला दोन विभाग आहेत. मराठी पाने वाचून झाली की अंक मिटणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि कन्नड पानांवर थांबणारेही तितकेच असतील. पलीकडच्या पानावर लिहिणाऱ्याचे सीमाप्रश्नावरचे मत काय, हे आधी विचारू नका. लिपी येत नसेल तर शेजारच्या बाकावरच्या मित्राकडून वाचून घ्या. कविता आवडली तर त्याला तसे सांगा. मतावरून भांडायचे असेल तर तेही भांडा, पण कविता वाचून झाल्यावर.