‘प्रकार’ नावाचा रकाना

जुन्या ग्रंथालयांच्या दाखलनोंदवहीत अगदी उजव्या कडेला ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असे. ज्या वाचकांनी अशी वही हाताळली असेल त्यांच्या तो ध्यानात असेल. अनुक्रमांक, ग्रंथकर्ता, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत हे सारे रकाने शिस्तीने भरलेले. शेरा मात्र ग्रंथपालाच्या मर्जीवर सोडलेला. आमच्या बडोद्यातील ज्या लहानशा मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आम्ही काही वर्षे आहोत, तेथील वहीत ह्या रकान्यात ‘पोथी, सुटी पाने’, ‘नकाशा मागे चिकटविला आहे’, ‘वाळवी’ असे शेरे आढळतात. एके ठिकाणी तर नुसतेच ‘सांभाळून’ असे लिहिले आहे. लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवर्तले. त्यांच्या त्या एका शब्दाने काय सांभाळले गेले होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. आणि ते ज्या रीतीने कळले, तीत दोष सर्वस्वी आमचा होता.

ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर आणाव्यात असा ठराव झाला तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच पैशाचा निघाला. आमचा एक माजी विद्यार्थी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ह्याच गावात काम करतो. तो म्हणाला, “सर, आज्ञावलीला पैसे पडणार नाहीत. वेळ मात्र पडेल.” त्याने ‘कोहा’ नावाची प्रणाली सुचविली. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती तयार झाली, २००० च्या जानेवारीत वापरात आली आणि पुढे सर्वांस मोफत खुली झाली. कोहा हा तिकडच्या माओरी लोकांचा शब्द. त्याचा अर्थ भेट, देणगी. देणगीवर चालणाऱ्या आमच्या संस्थेस हे नाव फार आवडले, आणि बाकीची चौकशी न करताच कार्यकारिणीने होकार दिला.

काम सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याने आम्हांस एक कोरा तक्ता दाखविला. ग्रंथालयातील प्रत्येक वस्तूस एक ‘प्रकार’ द्यावा लागतो; ते प्रकार कोणते असावेत हे आधी ठरवून यंत्रास सांगावयाचे असते. “सर, किती प्रकार ठेवायचे?” असे त्याने विचारले. ते दिवस दहावीच्या परीक्षेचे होते. आमच्या टेबलावर बैठकव्यवस्थेचे कागद पसरलेले. आम्ही म्हणालो, “अरे, ग्रंथालयात पुस्तकांवाचून दुसरे काय असणार? ‘पुस्तक’ आणि ‘नियतकालिक’, दोन पुरेत. काम आटप.” नोंदी भरणारा आमचा सेवक गुजराती आहे. त्याने तर आमच्याही पुढे जाऊन विचारले, “साहेब, आ बधी चोपडी ज छे ने?” त्याच्या दृष्टीने कपाटातील सारे काही चोपडीच होते, आणि आम्हीही मान डोलाविली. जुन्या वहीतील ‘शेरा’ कोठे लिहावा, असेही त्याने विचारले होते. तसा रकाना पडद्यावर पटकन दिसेना, तेव्हा तूर्त तो सोडून दे, असे आम्हीच सांगितले.

उन्हाळ्याच्या सुटीत निम्मी कपाटे संपली. भिंगाएवढ्या अक्षरांच्या त्या वहीची जागा पडद्याने घेतली, ह्याचा आम्हांस अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

पहिला धक्का दिवाळीनंतर बसला. दांडिया बाजारातील एक वयोवृद्ध काकू दरवर्षी पाडव्यानंतर येतात आणि माघ संपेपर्यंत एकेक दिवाळी अंक नेऊन वाचतात. हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. ह्या वेळी अंक पुढे केला तर यंत्र तो देईना. ‘नियतकालिक’ हा प्रकार तयार करताना विद्यार्थ्याने ‘बाहेर देण्यासाठी नाही’ ह्या चौकटीत खूण केली होती. वाचनालयातील मासिके तेथेच बसून वाचावयाची असतात, हा पुष्कळ ठिकाणी रूढ असलेला नियम, त्यात त्याचे काही चुकले नव्हते. सेवक म्हणाला, “काकू, यंत्र नाही म्हणतंय.” काकू “बरं” म्हणाल्या आणि काठी टेकीत निघून गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही. त्या आल्याच नाहीत, एवढेच. ही गोष्ट आम्हांस फाल्गुनात समजली.

दुसरा धक्का ह्याच्या अगदी उलट होता. आमच्या संग्रहात एका हौशी नाट्यमंडळीच्या नाटकाची हस्तलिखित प्रत होती. तीन अंकांच्या तीन वह्या, सुतळीने एकत्र बांधलेल्या. कडेच्या जागेत प्रॉम्प्टरने पेन्सिलीने केलेल्या खुणा, कोणी कोठून प्रवेश करावा, दिवा केव्हा मंद करावा. हे नाटक कधीच छापले गेले नाही. ‘सांभाळून’ हा शेरा होता तो हिच्यापुढे! यंत्रात मात्र ती झाली ‘पुस्तक’. आणि पुस्तक म्हटल्यावर यंत्राने ती एका नाट्यप्रेमी सभासदास पंधरा दिवसांसाठी बिनतक्रार दिली. सभासद सज्जन. त्यांनी मुदतीत परत केली. दोन वह्या परत केल्या. यंत्राने ‘परत आले’ असे नोंदविले, कारण त्याच्या लेखी ती एक वस्तू होती आणि तिच्यावरची पट्टी पहिल्या वहीवर चिकटविलेली होती. तिसरा अंक नाही हे उघडकीस आले तेव्हा दोन महिने लोटले होते. त्या गृहस्थांनी मध्यंतरी घर बदलले होते.

त्या रात्री आम्ही विद्यार्थ्यास बोलावून घेतले आणि ह्या रकान्याचा अर्थ प्रथमच नीट विचारला. तो आम्हांस उपहासाने काही म्हणाला असता तरी चालले असते. पण तो शांतपणे कागद घेऊन बसला.

त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा. यंत्रात ‘प्रकार’ ही नुसती चिठ्ठी नव्हे. किती दिवस द्यावयाचे, एका वेळी किती, विलंबास दंड किती, दुसऱ्याने मागणी नोंदविली तर ती घ्यावी की नाही, हे सारे नियम सभासदाचा वर्ग आणि वस्तूचा प्रकार ह्या दोहोंच्या जोडीवर टांगलेले असतात. ज्या जोडीस स्वतंत्र नियम नसेल तिला सर्वांसाठीचा सामान्य नियम लागतो. शोधणारा वाचकही ह्याच प्रकारावरून शोध आखडतो. आमच्या यंत्रात ‘पोथी’ शोधणाऱ्यास एकही पोथी दिसत नव्हती, कारण पोथी हा प्रकारच नव्हता. कपाटात मात्र लाकडी फळ्यांत बांधलेल्या पोथ्यांची एक संबंध फळी भरलेली होती.

मग त्याने आणखी एक गोष्ट दाखविली, ती आम्हांस विशेष महत्त्वाची वाटली. वस्तू मूळची काय आहे, हा एक प्रश्न. आणि ती कशी द्यावयाची, हा दुसरा. ह्या दोहोंसाठी यंत्रात दोन निराळ्या जागा आहेत. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम ह्या विदुषीच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकात ‘मार्क’ ही नोंदपद्धती तयार झाली. तीत प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर चोवीस अक्षरांची एक पट्टी असते. मोजणी शून्यापासून, म्हणून सातव्या स्थानास ०६ म्हणतात. तेथे छापील मजकुरास ‘ए’, हस्तलिखितास ‘टी’, छापील नकाशास ‘ई’, बोललेल्या ध्वनिमुद्रणास ‘आय’ आणि संगीताच्या ध्वनिमुद्रणास ‘जे’ असे अक्षर येते. त्याच्या पुढच्या स्थानी स्वतंत्र ग्रंथास ‘एम’, क्रमाने निघणाऱ्या प्रकाशनास ‘एस’. हे झाले वस्तूचे कूळ. देवघेवीचा प्रकार मात्र खाली ९४२ क्रमांकाच्या क्षेत्रात, आणि प्रत्येक प्रतीपुरता ९५२ मध्ये लिहिला जातो. आम्ही दोहोंचा गोंधळ केला होता. दिवाळी अंक कुळाने नियतकालिक, हे खरेच. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तो मासिकाचाच अंक म्हणून. पण आज वर्षभर दुसरे काहीच न काढता केवळ दिवाळीत उगवणारे अंक कितीतरी आहेत, आणि ते वाचले जातात पुस्तकासारखे, घरी नेऊन, आडवे पडून. तेव्हा माथ्यावर ‘एस’ राहू द्यावा आणि देवघेवीस वेगळा प्रकार करावा, इतके हे सोपे होते.

हा गोंधळ केवळ आमचाच नव्हे, हे कळल्यावर किंचित बरे वाटले. १९७८ च्या इंग्रजी तालिकीकरण-नियमांत ग्रंथनामापुढे चौकटी कंसात वस्तूची जात लिहिण्याची सोय होती. तीत आशय आणि त्याचे वाहन एकाच शब्दात कोंबले जात. २०१० मध्ये ‘आरडीए’ हे नवे नियम आले. त्यांनी आशय कोणता, तो अनुभवण्यास कोणते साधन लागते आणि तो कशावर वाहिला आहे, असे तीन स्वतंत्र रकाने केले. आणि बडोद्यातच पाहावयाचे, तर श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून राज्याचे ग्रंथालय खाते उभारले, त्या खात्याने पुस्तकांच्या पेट्यांबरोबर जादूच्या दिव्याच्या काचा आणि स्टिरिओस्कोपची चित्रेही लोकांपर्यंत नेली. बधी चोपडी नव्हती, ती तेव्हाही!

मग दुरुस्ती. कार्यकारिणीची बैठक दोन तास चालली. एका सदस्यांचा आग्रह, ‘देणगी’ हा प्रकार हवा, म्हणजे देणगीदारांच्या नातवंडांस पाहता येईल. दुसऱ्यांस ‘जीर्ण’ हवा होता, तिसऱ्यांस ‘संदर्भ’. विद्यार्थ्याने नम्रपणे तिन्ही नाकारले. देणगी हा वस्तू कोठून आली ह्याचा तपशील, जीर्ण ही तिची अवस्था. त्यांस वेगळे रकाने आहेत. संदर्भाचे म्हणाल, तर एकाच गाथेच्या दोन प्रतींपैकी एक कपाटात ठेवावी आणि दुसरी द्यावी, एवढ्यासाठी नवी जात निर्माण करण्याचे कारण नाही. त्या एका प्रतीपुढे ‘देऊ नये’ अशी खूण पुरते. यंत्राने प्रकार ग्रंथनोंदीवरून न पाहता प्रतीवरून पाहावा, असाही एक पर्याय असतो. तो आम्ही निवडला.

अखेर आठ प्रकार ठरले : पुस्तक, बालपुस्तक, दिवाळी अंक, नियतकालिक, पोथी, हस्तलिखित, नकाशा, ध्वनिफीत. प्रत्येकास दहा अक्षरांच्या आत एक संकेत द्यावा लागतो. वर्णन पुढे बदलता येते, संकेत एकदा जतन केला की बदलता येत नाही. म्हणून ही आठ नावे आम्ही आधी कागदावर लिहून दोन दिवस तशीच ठेवली. ध्वनिफीत परत येताच पडद्यावर ‘डबी उघडून पाहावी’ अशी सूचना यावी, अशीही योजना करता आली. अनेक भागांच्या वस्तूपुढे ‘साहित्याचा तपशील’ लिहिण्याची जागा आहे. तेथे ‘वह्या ३’ असे लिहिले असते, तर देताना आणि घेताना दोन्ही वेळी यंत्राने ते दाखविले असते. आणि ‘शेरा’? त्यालाही जागा होती. एक शेरा वाचकांस दिसणारा, एक केवळ सेवकांस दिसणारा. आम्ही शोधली नव्हती.

पट्ट्यांचे क्रमांक एकत्र देऊन शेकडो प्रतींचा प्रकार एका झटक्यात बदलता येतो. परंतु कोणत्या प्रतीचा बदलावयाचा, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक कपाट पुन्हा उघडून, जुनी वही मांडीवर घेऊन, शेरे वाचीत बसावे लागते. गेले काही रविवार आम्ही हेच करीत आहो. सेवक आता एखादे बाड हाती आले की थांबतो आणि विचारतो, “साहेब, आ शुं कहेवाय?” कधीकधी आम्हांसही उत्तर देता येत नाही. एकाच बासनात अर्धे छापील स्तोत्र आणि अर्धे हाताने उतरविलेले निघाले, ते अद्याप टेबलावरच आहे.

दांडिया बाजारात आम्ही स्वतः जाऊन आलो. काकूंस सांगितले की अंक आता मिळतील, चूक आमची होती. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, माझं नाव काढलं.” मग चहा झाला, आणि त्यांनी गेल्या वर्षीचे दोन अंक आणून द्यावयास सांगितले. ते पोहोचले.

तिसऱ्या अंकाचा मात्र पत्ता नाही. ते सभासद नव्या घरातील माळा दोनदा शोधून थकले आहेत. जुन्या घराचे सामान रद्दीवाल्याकडे गेले असण्याचा संभव आहे. म्हणून वाचकांस ही विनंती : मांडवी ते दांडिया बाजार ह्या भागात कोणाच्या हाती काळ्या पुठ्ठ्याची, दोरेवारी शिवलेली, निळ्या शाईने लिहिलेली वही आली असेल, कडेस पेन्सिलीच्या खुणा आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ‘३’ हा आकडा असेल, तर ती ह्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. पाने सुटी असली तरी चालतील.