बंदुकीचें कुळगोत्र

जगाच्या संहाराची गोष्ट निघाली कीं, आम्हां सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें अणुबाँब उभा राहतो. तें साहजिकच आहे. परंतु १९४५ च्या ऑगस्टांत नागासाकीवर जो अणुबाँब पडला तो शेवटचा; त्यानंतर कोणत्याहि राष्ट्रानें तो युद्धांत वापरलेला नाहीं. बंदुकीच्या गोळीनें मात्र त्या दिवसापासून आजवर एका दिवसाचीहि रजा घेतलेली नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनीं २००० सालच्या आपल्या अहवालांत, पिस्तुलें, रायफली व हलक्या मशीनगन यांसारख्या लहान शस्त्रांनाच सामुदायिक संहाराचीं शस्त्रें म्हणावयास हरकत नाहीं, असा अभिप्राय दिला होता. तो अभिप्राय वाचून सर्वांनीं माना डोलविल्या आणि जो तो आपापल्या दुकानीं परतला.

या दुकानदारीचा पसारा केवढा आहे हें प्रथम पाहूं. जिनेव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संशोधनसंस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, २०१७ च्या अखेरीस जगांत शंभर कोटींहून अधिक बंदुका होत्या. त्यांपैकीं सैन्यांजवळ सुमारें १३ कोटि, पोलिसांजवळ सव्वादोन कोटि, आणि बाकीच्या ८५ कोटींवर बंदुका खाजगी माणसांच्या घरांत! हिंदुस्थानांतील खाजगी बंदुकांचा त्याच संस्थेचा अंदाज सात कोटींच्या वर जातो, आणि त्यांतील सरकारदप्तरीं नोंदलेल्या बंदुका एक कोटीहि भरत नाहींत. हे आंकडे अंदाजाचे आहेत हें खरें; पण त्यांतून निम्मे वजा केले तरी उरलेले झोंप उडविण्यास पुरेसे आहेत.

या प्रकरणीं राज्यकर्त्यांच्या तोंडीं एक ठराविक वाक्य असतें. तें असें कीं, कायदेशीर शस्त्रव्यापार हा प्रत्येक राष्ट्राचा हक्क असून बंदोबस्त करावयाचा तो फक्त चोरट्या व्यापाराचा. ऐकावयास हें वाक्य किती निर्दोष वाटतें! जणूं कायदेशीर बंदूक आणि चोरटी बंदूक या दोन भिन्न जाति आहेत आणि त्यांचा परस्परांशीं रोटीबेटीव्यवहार नाहीं. सोयरीक जुळवितांना मुलाच्या सात पिढ्या शोधणाऱ्या आपल्या समाजानें एकदां चोरट्या बंदुकीचें कुळगोत्र शोधून पाहावें. गांवठी कट्टे सोडले, तर जवळजवळ प्रत्येक चोरटी बंदूक एखाद्या सरकारमान्य कारखान्यांत, रीतसर परवान्यानें, क्रमांक घालून जन्माला आलेली असते. ती चोरटी होते ती मागाहून. आणि होते तेव्हां बहुधा कोणा तरी सरकारच्या हेतूनें, हलगर्जीपणानें किंवा लोभानें होते.

दूरचे दाखले नकोत. १९९३ च्या आरंभीं रायगड जिल्ह्यांतील दिघी व शेखाडी येथें स्फोटक द्रव्य आणि एके-५६ रायफली उतरल्या. १२ मार्च रोजीं मुंबईंत जे स्फोट झाले त्यांत २५७ माणसें मेलीं. एके-५६ ही चिनी बनावटीची रायफल. म्हणजे ती कोणा गुंडानें तळघरांत ठोकलेली नव्हती. आणि ती कोंकणच्या किनाऱ्यावरून मुंबईपर्यंत आली ती कोणाच्या डोळ्यांत धूळ फेंकून नव्हे. पुढें न्यायालयानें दोषी ठरविलेल्यांत जकात खात्याचे अधिकारी व पोलिसहि होते. कुंपणच शेत खातें म्हणतात तें हेंच.

दुसरा दाखला पुरुलियाचा. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्रीं एका परदेशी विमानानें बंगालच्या त्या जिल्ह्यांत शेंकडों रायफली व लाखों काडतुसें आकाशांतून टाकलीं. हा माल बल्गेरियांत उघड उघड विकत घेतलेला होता. त्याबरोबर अंतिम ग्राहकाचा दाखलाहि होता, आणि त्यावर ग्राहक म्हणून बांगला देशाचें नांव होतें! कागदावर सर्व कांहीं यथासांग. मुद्दा एवढाच कीं, विकणाऱ्यानें त्या कागदापलीकडे पाहिलें नाहीं, आणि पाहावें असें कोणी त्याला बजावलेंहि नाहीं.

परदेशांतहि हाच वंशविस्तार दिसतो. १९७९ नंतर रशियन फौजांशीं लढण्यासाठीं अमेरिकेनें पाकिस्तानमार्फत अफगाणिस्तानांत शस्त्रें ओतलीं. तीं वाटेंत इतकीं गळलीं कीं, पाकिस्तानांत 'कलाश्निकॉव संस्कृति' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. १९९७ सालीं आल्बेनियांत लबाड ठेव-योजना बुडाल्या, लोक खवळले, लष्कराचीं कोठारें फुटलीं आणि पांच लाखांवर शस्त्रें लोकांनीं पळविलीं. त्यांतलीं पुष्कळशीं शेजारच्या कोसोव्होंतील लढाईंत जाऊन पोंचलीं. २०११ सालीं लिबियांत गद्दाफी पडला, आणि त्याच्या कोठारांतील शस्त्रांनीं दुसऱ्या वर्षीं मालींतील बंड पेटलें. यांतली एक तरी बंदूक 'चोरटी' म्हणून जन्मली होती काय?

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप पाहूं. पहिला आक्षेप सर्वांच्या ओळखीचा आहे. शस्त्र मारीत नाहीं, माणूस मारतो. तेव्हां माणूस सुधारा, शस्त्राच्या मागें कां लागतां? या वाक्यांतील पूर्वार्ध खरा आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे. विष आपण होऊन कोणाला मारीत नाहीं. तरी औषधविक्यानें तें कोणाला दिलें याची नोंद आपण ठेवावयास लावतोंच. २०२२ च्या जुलैंत जपानचे माजी मुख्य प्रधान शिंझो आबे यांचा खून झाला, तेव्हां कायदा निरुपयोगी असल्याचा हा पुरावा, असें कित्येकांनीं म्हटलें. पण मारेकऱ्याला नळ्या जोडून घरींच बंदूक बनवावी लागली, हें ते विसरले. सूड घेऊं पाहणारा माणूस सर्व देशांत असतो. त्याला दुकानांतून तयार रायफल मिळते कीं महिनोन्महिने खटपट करावी लागते, यावर किती जीव जातील हें ठरतें. फार काय, ज्यानें एके-४७ ही रायफल घडविली त्या मिखाईल कलाश्निकॉवनें २०१२ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, रशियन धर्मगुरूंना पत्र लिहून, आपल्या रायफलीनें माणसें मारलीं त्याचें पाप आपल्याला लागतें काय, असें व्याकुळ होऊन विचारलें. घडविणाऱ्याला प्रश्न पडला. विकणाऱ्यांना अद्याप पडावयाचा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, प्रत्येक राष्ट्रानें आपल्या घरचा कायदा कडक करावा म्हणजे झालें. आंतरराष्ट्रीय खटाटोप कशाला? याला मेक्सिको हें उत्तर आहे. तेथील बंदुकीचा कायदा कडक आहे आणि विक्री लष्कराच्या देखरेखीखालीं होते. तरीहि तेथील गुन्हेगारांकडून जप्त केलेल्या ज्या बंदुकांचा माग लावण्यांत आला, त्यांतील फार मोठा हिस्सा सरहद्दीपलीकडील अमेरिकेंतून आलेला आढळला. मेक्सिकोच्या सरकारनें २०२१ सालीं अमेरिकन कारखानदारांवर फिर्याद केली. ५ जून २०२५ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ती काढून टाकली. कारण कारखानदारांना अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा तेथील काँग्रेसनें २००५ सालींच करून ठेवला होता. शेजाऱ्यानें आपल्या दाराला कडी घालावी, आणि याच्या दुकानांतून मात्र दरोडेखोराला पहार मिळत राहावी, असा हा न्याय आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याच्या मागें आमचा इतिहास उभा आहे. शस्त्रनियंत्रण हें बलवानांचें दुर्बलांना निःशस्त्र करण्याचें साधन आहे, असें हा पक्ष म्हणतो. १८७८ सालीं लिटनसाहेबानें हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट! १८९० च्या ब्रुसेल्सच्या करारानें आफ्रिकेच्या मोठ्या भागांत चांगल्या बंदुका नेण्यास बंदी झाली, ती आफ्रिकेची वांटणी करणाऱ्यांनींच केली. या अपमानाची जाणीव म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या यादींत हत्यार बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून आला. हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण लिटनच्या कायद्याचा अन्याय नियंत्रणांत होता कीं पक्षपातांत? एकाला बंदी व दुसऱ्याला मुभा, हा तो अन्याय होता. त्याचें परिमार्जन सर्वांना सारखा नियम लावून होतें. सर्वांना सारख्या बंदुका वांटून होत नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत घटना समितींत ह. वि. कामत यांनीं हा हक्क घटनेंत घालण्याची सूचना आणली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. स्वराज्यानें परवाना पद्धति ठेवली ती जाणून बुजून, आणि १९५९ चा कायदा त्याचीच साक्ष आहे.

जो नियम आपण घरांत मानतों तो जगाच्या व्यवहारांत मात्र आपण मानीत नाहीं. २००१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत लहान शस्त्रांविषयीं जो कृतिकार्यक्रम ठरला, त्यांत नागरिकांच्या शस्त्रांवर आणि बिनसरकारी टोळ्यांना शस्त्रें पुरविण्यावर बंधन घालणारीं कलमें आफ्रिकन राष्ट्रांना हवीं होतीं; अमेरिकेच्या हट्टामुळें तीं गळालीं. पुढें २ एप्रिल २०१३ रोजीं शस्त्रव्यापार करार १५४ मतांनीं संमत झाला. विरुद्ध इराण, उत्तर कोरिया व सीरिया अशीं तीनच मतें. तटस्थ २३, आणि त्या तटस्थांत हिंदुस्थान! ज्या देशानें मुंबईंत १९९३ पाहिलें आणि २००८ हि पाहिलें, त्या देशाचा हात त्या दिवशीं वर झाला नाहीं.

आमच्या सरकारनें त्याचीं कारणें दिलीं होतीं. करारांत निर्यात करणाऱ्याच्या हातीं एकतर्फी अधिकार जातो, आणि दहशतवाद्यांस शस्त्रें पुरविण्याविरुद्धची तरतूद दुबळी आहे, अशीं तीं कारणें. तीं खोटीं नाहींत. परंतु या उणीवा बाहेर बसून दूर होणार आहेत काय? कराराच्या २० व्या कलमाप्रमाणें तो अंमलांत आल्यापासून सहा वर्षांनीं दुरुस्ती सुचवितां येते. करार २४ डिसेंबर २०१४ रोजीं अंमलांत आला. म्हणजे २०२० च्या अखेरीपासून तें दार उघडें आहे. पण सुचविण्याचा अधिकार सभासद राष्ट्रालाच आहे. आम्ही सभासद नाहीं. रशिया बाहेर आहे, अमेरिकेनें केलेली सही २०१९ मध्यें झिडकारली, हें सांगून समाधान मानणाऱ्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, चीन २०२० सालीं करारांत शिरला. उद्यां दुरुस्तीची चर्चा निघाली तर एके-५६ बनविणारा आंत बसेल आणि तिच्या गोळ्या खाणारा बाहेर उभा राहील.

करार केला म्हणजे शस्त्रें पळून जातील, असा आमचा भोळा समज नाहीं. सह्या करून त्या मोडणारीं राष्ट्रें आहेतच. पण चोराला लाज वाटावी एवढ्यासाठीं तरी चोरीला चोरी म्हणणारा नियम असावा लागतो. शिवाय खरी किल्ली अजून पुढेंच आहे, आणि ती म्हणजे काडतूस. बंदूक नीट राखली तर पन्नास वर्षें टिकते. गोळी एकदांच उडते. गोळ्यांचा पुरवठा आटला कीं उत्तमांतली उत्तम रायफल लाठी होते. असें असूनहि २००१ च्या कार्यक्रमांत काडतुसांचा स्पष्ट समावेश नव्हता. त्यांच्याविषयींची आंतरराष्ट्रीय चौकट २०२३ सालीं तयार झाली, आणि तीहि कोणावर बंधनकारक नाहीं.

येथें हा प्रश्न महाराष्ट्राच्या उंबऱ्याशीं येतो. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवास लहान शस्त्रांचीं काडतुसें बनतात. २०२४-२५ सालीं हिंदुस्थानची संरक्षण-सामग्रीची निर्यात २३,६२२ कोटि रुपयांवर गेली. आजवर आम्ही या व्यापारांत मुख्यतः गिऱ्हाईक होतों आणि बळी होतों. आतां विक्रेते होऊं लागलों आहों. हा आंकडा आमच्या मध्यमवर्गाच्या घरांत अभिमानानें वाचला जातो, आणि स्फोटाची बातमी दुःखानें वाचली जाते. दोहोंत कांहीं नातें असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. स्वसंरक्षणासाठीं शस्त्रें बनवावींत, मित्रांस विकावींत, याला आमची हरकत नाहीं. परंतु बल्गेरियांतील विक्रेत्यानें दाखल्यापलीकडे पाहिलें नाहीं म्हणून पुरुलियाच्या वेळीं आम्हीं बोटें मोडलीं. उद्यां एखाद्या दूरच्या देशांत सांपडलेल्या काडतुसाच्या बुडाशीं आमचा छाप निघाला, तर आम्ही काय उत्तर देणार?

म्हणून आमचें म्हणणें स्पष्ट आहे. हिंदुस्थाननें या करारांत शिरावें आणि आंत जाऊन बिनसरकारी टोळ्यांविषयींचें कलम मागावें. आपल्या कारखान्यांतून बाहेर जाणाऱ्या काडतुसांच्या प्रत्येक खेपेवर ओळखतां येईल अशी खूण असावी. आणि कोणत्या देशाला काय विकलें, माल तेथेंच पोंचला कीं नाहीं, याचा हिशेब दरसाल संसदेपुढें यावा. यांत राष्ट्राच्या संरक्षणास बाध आणणारें कांहींच नाहीं; बाध येईल तो दलालीला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याचा आरोप आम्हीं मोठ्या राष्ट्रांवर वर्षानुवर्षें केला आहे. तो पुढेंहि तोंड वर करून करावयाचा असेल, तर आपल्या कारखान्यांतली बंदूक कोणाच्या खांद्यावर जाते हें आधीं आपण पाहिलें पाहिजे.