भाज्याचे खांब तिरके का?

कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाची किंवा मुलीची कलेच्या इतिहासाची वही कधी उघडून बघितली आहे का? बघा एकदा. आदिमानवाची गुहाचित्रे, सिंधू संस्कृती, मौर्य, सातवाहन, गुप्त, मग इजिप्त, ग्रीस, रोम. प्रत्येकाखाली काळ, ठिकाण, माध्यम आणि चार वैशिष्ट्ये. ही वैशिष्ट्ये म्हणजे ‘भव्य’, ‘लयबद्ध’, ‘प्रमाणबद्ध’, ‘सजीव’ हे चार शब्द आलटून पालटून. अजिंठ्याखाली लिहिलेलं वाक्य उचलून वेरूळखाली चिकटवलं तरी तपासणाऱ्याला शंका येणार नाही.

मुलं या विषयाला कंटाळतात यात नवल काय? दिवसभर हाताने काम करणारी, नजर तयार होत असलेली ही मुलं. त्यांना या एका तासाला डोळे मिटून पाठांतर करायला लावलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षाला निम्म्याहून कमी कलाकृती शिकवाव्यात, पण त्या बघायला शिकवाव्यात. बघणं आधी, सनावळी नंतर.

एक उदाहरण घेऊ. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे लेणी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथलं मोठं चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं मानलं जातं. वहीत लिहिलेलं असतं, ‘२७ अष्टकोनी साधे खांब, गजपृष्ठाकृती छत.’ ठीक आहे. आता मुलांना आत मधोमध उभं करा आणि काही न सांगता पंधरा मिनिटं फक्त बघू द्या. कोणीतरी नक्की म्हणेल, “सर, हे खांब आत झुकलेत.”

खरंच झुकलेत. का?

दगडाला त्याची काहीच गरज नाही. हे बांधलेलं घर नाही, डोंगर कोरून आतली जागा मोकळी केली आहे. खांब काढून टाकले तरी छत लगेच खाली येणार नाही. पण लाकडी घराला गरज असते. वरच्या कमानदार छताचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार खांब थोडे आत कलते ठेवतो. म्हणजे भाज्याच्या कारागिरासमोर लाकडी बांधकामाचा नमुना होता आणि तो त्याने जसाच्या तसा दगडात उतरवला. ती लाकडी घरं आज उरलेली नाहीत. ती कशी होती याचा पुरावा हा तिरका खांब देतो. एवढं एका खांबाकडून मिळतं, आणि वहीत तो ‘साधा’ या एका शब्दात संपलेला असतो.

मग हायवे ओलांडून कार्ल्याला चला. एकवीरा आईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी हे चैत्यगृह शेजारी पाहिलेलंच असतं, पण दर्शन झालं की आपण खाली उतरतो. इथले खांब सरळ उभे आहेत. तळाशी घट, वर हत्तींवर बसलेली जोडपी. भाज्याला दर्शनी भाग लाकडाचा होता, तो गेला, त्याच्या खाचा राहिल्या. कार्ल्याला तोच भाग दगडात कोरला आहे. मधल्या काळात कारागिरांना दगडाचा अंदाज आला, हे मुलांना कोणी सांगावं लागत नाही. तरी छताला लाकडी फासळ्या आहेतच! दगडी छताला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण सवय सुटली नाही. त्यातल्या बऱ्याच मूळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

आणि तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत एक नाव आहे. धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा मुलगा. याने दाराचं काम केलं असं लेख सांगतो. त्याचा व्यवसाय काय दिला आहे? सुतार. राजांची आणि दात्यांची नावं सगळीच पुस्तकं देतात; मला वाटतं पहिल्या वर्षाच्या मुलांना सामी आधी भेटावा. तीही उद्या हातानेच पोट भरणार आहेत.

इथे काळ लागतोच, हे लक्षात घ्या. भाजे आधी आणि कार्ले नंतर हे माहीत नसेल तर सरळ खांबाला अर्थ उरत नाही. सनावळी नको असं मी म्हणत नाही. प्रश्न पडल्यावर तारीख सांगितली की ती लक्षात राहते.

शिक्षक मित्र म्हणतील, वेळ कुठे आहे, अभ्यासक्रम संपवायचा असतो, सहलीला परवानगी मिळत नाही. अडचणी खऱ्या आहेत. फोटोवर काम भागवायचं तर तेही जपून, कारण कॅमेरा वर करून काढलेल्या फोटोत सरळ खांबही आत झुकलेले दिसतात. पण प्रत्येक गावाजवळ भाजे नसलं तरी जुनं देऊळ, वाडा, बारव यांपैकी काहीतरी असतंच. पहिलं सत्र त्यावर काढा. मोजमाप घ्या, रेखाटा, ‘हे असंच का?’ असे पाच प्रश्न लिहून आणा म्हणावं. लेखी परीक्षेत एक तरी न शिकवलेलं चित्र द्यावं आणि ‘काय दिसतं ते लिहा’ एवढंच विचारावं. तपासायला जड जाईल, कारण उत्तरं सारखी येणार नाहीत.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो: “याचा पुढे उपयोग काय?” वास्तुरचना, संग्रहालयं, जुन्या वास्तूंचं जतन, डिझाइन या सगळ्या कामांत ‘हे असं का केलं असेल’ हा प्रश्न रोज पडतो. पण तो विचारायची सवय ‘भव्य आणि लयबद्ध’ पाठ करून लागत नाही. पुढच्या वेळी एकवीरेला गेलात तर मुलांना घेऊन अर्धा तास चैत्यगृहात थांबा. छताकडे बघायला सांगा आणि फासळ्यांचं उत्तर लगेच देऊ नका.