जुना ट्रॅक्टर घ्यावा, पण ऊस ओढून थकलेला नको

गळीत हंगाम संपला आणि ऊसबिलाचे पैसे खात्यावर आले, की कार्यक्षेत्रात गावोगाव जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. सभासद बंधू गट ऑफिसात येऊन विचारतात, घ्यावा का? आमचे स्पष्ट मत असे की, दोन एकरांच्या आत ऊस असेल तर भाड्याचाच बरा. तीन-चार एकरवाल्याने मात्र नव्या ट्रॅक्टरचे कर्ज उसावर चढवण्यापेक्षा जुना घ्यावा. नांगरट, सरी, भरणी, पाचट कुट्टी मिळून एवढ्या रानात ट्रॅक्टरला वर्षातले मोजकेच दिवस काम. बाकी दिवस तो सावलीत उभा राहतो, व्याज मात्र चालूच राहते.

परंतु वाहतुकीतून सुटलेला ट्रॅक्टर घेऊ नये. याच दिवसांत असे ट्रॅक्टर रंग मारून विक्रीला येतात. दोन-दोन भरल्या ट्रॉल्या ओढून त्यांचा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल पार झिजलेला असतो. मीटरवरच्या तासांवर भुलू नका, मीटर बदलता येतो. ट्रॉली जोडायच्या हुकाचे भोक लांबट झाले आहे का, पेडल गुळगुळीत झाले आहेत का, ते बघा.

जाताना आपला मिस्त्री बरोबर न्या, आणि सकाळीच जा. आधी इंजिनाला हात लावा. गरम लागले तर मालकाने अगोदरच चालू करून ठेवले आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन सुरू होताना थोडा धूर निघणारच. पण तापल्यावरही निळसर धूर राहिला तर ऑइल जळते आहे, रिंगा-लायनरचे काम आले. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर क्लीनरचा किंवा नोझलचा, त्याची एवढी धास्ती नको. ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल, किंवा गेजपट्टीवर ऑइल ताकासारखे दिसत असेल, तर सौदा तिथेच सोडा. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा आणि चहा घ्या. तेवढ्यात नांगर भराभर खाली बसला तर लिफ्टचा खर्च किमतीतून वजा करा. मागच्या टायरांचेही तसेच.

मेक कोणता, यावर पारावर फार वाद होतात. ज्याचा मिस्त्री आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात तो मेक चांगला. एचएमटी दणकट खरा, पण केंद्र सरकारने २०१६ साली तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा भागांची खात्री करूनच हात घाला. पस्तीस एच.पी. आपल्या कामाला पुष्कळ झाले.

कागदांत आमचे लोक हमखास फसतात. नुसत्या स्टॅम्पपेपरवर ट्रॅक्टर घेऊ नका. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवून घ्या, नाहीतर हप्ते थकले पहिल्या मालकाचे आणि ट्रॅक्टर ओढून नेला तुमच्या दारातून, असे होते. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते झाले आहे का, चेसिस नंबर जुळतो का, बघून मगच पैसे मोजा.

सगळी रक्कम खरेदीत घालू नका. पाचवा हिस्सा दुरुस्तीला ठेवा. घरी आणल्याबरोबर ऑइल, फिल्टर बदला. ऑइल-बाथ एअर क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज उघडून बघा. रेडिएटरमध्ये क्षारपड रानातल्या विहिरीचे पाणी ओतू नका, आत खार धरून इंजिन तापते. डिझेल गाळून भरा.

आणखी एक. जुन्या ट्रॅक्टरला पीटीओ शाफ्टवरचे झाकण बहुतेक वेळा नसतेच. फिरत्या शाफ्टमध्ये धोतराचा सोगा, पदर किंवा टॉवेल गुंतला तर माणूस हाती लागत नाही. ते झाकण बसवून घ्या, मगच रोटर जोडा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग