डिस्क मोठी, रकाने छोटे

चार टीबीची हार्ड डिस्क घेतली, पण जुन्या संगणकावर दोनच टीबी दिसतात. दुकानदाराने फसवले का? असा प्रश्न आम्हाला अधूनमधून विचारला जातो. दुकानदाराबद्दल लगेच बदगुमानी नको. बहुतेक वेळा दोष संगणकाच्या मोजणीत असतो, आणि हे दुखणे संगणकाइतकेच जुने आहे.

डिस्कवरची माहिती ५१२ बाइटच्या छोट्या कप्प्यांत ठेवली जात असे. प्रत्येक कप्प्याला नंबर. तो लिहायला रकाने मात्र ठरलेले. फॉर्मवर घर नंबरासाठी तीनच चौकटी असतील तर हजारावे घर लिहिणार कसे? तसेच हे.

आयबीएमने १९८३ साली एक्सटी संगणक आणला, त्यात १० एमबीची डिस्क होती. त्या काळच्या डॉसमध्ये कप्प्यांचे नंबर ६५,५३६ पर्यंतच जात. म्हणजे फक्त ३२ एमबी! ४० एमबीची डिस्क घेतली तर तिचे सी आणि डी असे तुकडे करावे लागत. तेही १९८७ च्या डॉस ३.३ पासून सोयीचे झाले.

पुढची अडचण आणखी मजेशीर. संगणकाची बायोस प्रणाली १,०२४ सिलिंडर आणि २५६ हेड मोजू शके. डिस्कच्या बाजूला ६५,५३६ सिलिंडर चालत, पण हेड फक्त १६. दोघांचे जमवायचे तर प्रत्येक बाबतीत लहान आकडाच धरावा लागे. १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार केला की ५०४ एमबी. दोघांकडे जागा भरपूर, पण एकमेकांशी बोलताना दोघेही गरीब! नव्वदच्या दशकात मोठी डिस्क घेणाऱ्या अनेकांना बायोस बदलावा लागला, नाहीतर जुळवून घेणारे सॉफ्टवेअर टाकावे लागले.

त्यानंतर १३७ जीबीची भिंत आली. ही खरी धोक्याची. सुरुवातीच्या विंडोज एक्सपीला याहून मोठे नंबर कळत नसत. नंबराचे पुढचे आकडे गळाले की नवी माहिती डिस्कच्या सुरुवातीला, जुन्या माहितीवरच लिहिली जाण्याची भीती असे. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने यावर उपाय आला.

चार टीबीच्या डिस्कचे दोन टीबी दिसतात तेही यामुळेच. डिस्कचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत ३२ बिटचे नंबर आहेत, आणि ते दोन टीबीवर संपतात. नव्या जीपीटी पद्धतीत ही अडचण नाही, पण फार जुने संगणक ती ओळखत नाहीत.

म्हणून निकाहचे फोटो, दादीजानचा आवाज, मुलांचे व्हिडिओ भरलेली मोठी डिस्क जुन्या संगणकाला जोडताना जपा. 'फॉरमॅट करू का?' असे विचारले तर होकार देऊ नका. डिस्क काढा, नव्या संगणकावर लावून पाहा. आणि मौल्यवान ते दोन ठिकाणी ठेवा. डिस्क दुसरी आणता येते, दादीजानचा आवाज नाही.