बियाण्याचा डोह राखा

होळी झाली की मोलगीच्या डोंगरातले ओढे तुटायला लागतात. वाहते पाणी थांबते आणि खडकांच्या कपारीत चार-दोन डोह तेवढे उरतात. त्याच डोहांत बोटाएवढा मळ्या पावसाची वाट बघत जीव धरून असतो. हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटायचे आणि शेवाळ खरवडून खायचे, एवढाच त्याचा संसार. कर्नल साइक्स या इंग्रजाने 1839 साली दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडचे हेच नाव त्याने शास्त्रात नेले.

2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवले. चांगले झाले. पण पापलेट काही सातपुडा चढून येत नाही. इथल्या लेकरांना परवडतो तो ओढ्याचा बारीक मासा. तो काट्यासकट खाल्ला जातो, म्हणून हाडांना लागणारा चुनाही पोटात जातो. अक्कलकुवा-धडगावच्या कुपोषणावर इतक्या बैठका झाल्या. मग हा फुकटचा आहार आपणच का घालवावा?

कोणी म्हणेल, पूर्वीही गेळाची फळे कुटून डोहात टाकत, मग आताच काय बिघडले? बिघडते ते असे. फवारणीचे औषध किंवा ब्लिचिंग पावडर लहान-मोठा मासा बघत नाही. माशाबरोबर पाण्यातले किडेही मरतात आणि तेच पाणी गुरे पितात. शिवाय उन्हाळ्यात डोहात उरलेला मासा हे पुढच्या सालाचे बियाणे. पावसात तोच अंडी घालतो. कणगीतले बी दळून खाल्ले, तर मृगात पेरायचे काय?

विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासळीवर गावाचा सामूहिक हक्क सांगितला आहे. पण हक्क आला की राखणही आपल्याच गळ्यात आली. दर डोहावर पोलीस कुठून उभा करणार?

तेव्हा सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब यांना विनंती आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत साधा ठराव घ्या. दर पाड्याने एक खोल डोह निवडावा; होळीपासून पहिला पूर येईपर्यंत त्यात गळ नाही, जाळे नाही. बाकीच्या पाण्यात खुशाल मासे धरा, पण औषध कुठेच नको. यात पैसा लागत नाही, मंजुरीसाठी नंदुरबारच्या खेपा नाहीत. गावाने मनावर घेतले की झाले.