निवडीचे स्वातंत्र्य कोणाच्या वाट्याला?

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या दारांत रांगा लागतात आणि आयुष्याला वळण देणारी अभ्यासक्रमाची निवड चार दिवसांत उरकली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या निवडीला मोठी मोकळीक दिली आहे. मुख्य विषयाबरोबर अन्य विद्याशाखेतील विषय घेता येतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडता येते. मिळविलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात. कल्पना उदार आहे, यात शंका नाही.

प्रश्न आहे तो ही मोकळीक कोणाच्या वाट्याला येणार, हा. जेथे एका विषयाला एकच अध्यापक आणि तोही तासिका तत्त्वावर, अशा तालुक्याच्या महाविद्यालयात पर्याय माहितीपत्रकात असतात, वेळापत्रकात नसतात. तेथे विद्यार्थी विषय निवडीत नाही, रिकामी पदे त्याच्यासाठी विषय निवडतात.

मधूनच बाहेर पडण्याची सवलत तर अधिकच तपासून पाहावयास हवी. सुखवस्तू घरातील विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर सहसा बाहेर पडणार नाही. बाहेर पडेल तो ज्याच्या घरी एक मिळकत कमी पडते तो. शिक्षणाची किंमत केवळ शुल्कात नसते. त्या काळात बुडणारी मजुरीही तीत धरावी लागते. पूर्वी अशा विद्यार्थ्याची गळती म्हणून नोंद होई. आता तो प्रमाणपत्रधारक ठरेल. नाव बदलेल, नुकसान तेच राहील. तीन वर्षांत परत येण्याची मुभा आहे खरी, पण घराचा भार एकदा खांद्यावर आला की तो मुदत पाहून उतरत नाही.

म्हणून शासनाने दोन गोष्टी कराव्यात : रिक्त पदे भरावीत आणि परतणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती पुन्हा चालू होण्याची हमी द्यावी. महाविद्यालयांनी जे विषय खरोखर शिकविता येतील तेवढेच जाहीर करावेत. विद्यार्थ्यांनीही मित्र कोठे जातो हे न पाहता अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि ग्रंथालय पाहून निर्णय घ्यावा.

दारे अनेक ठेवली म्हणजे स्वातंत्र्य येत नाही. आत राहण्याचे बळ ज्याच्यापाशी आहे, त्यालाच बाहेरचे दार ही सवलत वाटते. इतरांना ते केवळ बाहेरची वाट दाखविते.